थीम पार्कला कधी जायचं? ठाणे-नवी मुंबईकरांनो, या चुका टाळा

"डिसेंबरात जा, ऊन लागत नाही." थीम पार्कचा विषय निघाला की ठाण्यात कुणीही हा सल्ला देतो. सल्ला खोटा नाही, अर्धा आहे. ऊन लागत नाही हे खरं. पण डिसेंबरातल्या एखाद्या बुधवारी, ऑफिसात सुट्टी टाकून, गर्दी नसेल म्हणून खोपोली गाठावी तर पार्किंगमध्ये शाळांच्या बसची रांग लागलेली असते.

एस्सेलवर्ल्ड बंद झाल्यापासून आपल्या बाजूच्या लोकांचा मोठा ओढा खोपोलीच्या इमॅजिकाकडे आहे. हे पार्क २०१३ मध्ये सुरू झालं आणि वाशीहून रस्ता मोकळा असेल तर साधारण सव्वा तासात पोचता येतं. घोडबंदर रोडवरची टिकुजिनीवाडी किंवा नेरूळचं वंडर्स पार्क ही अर्ध्या दिवसाची ठिकाणं. तिथे वेळ चुकली तर फार बिघडत नाही, पुढच्या रविवारी परत जाता येतं. खोपोलीला चौघांचं कुटुंब जातं तेव्हा तिकीट, पेट्रोल, टोल, आतलं जेवण असा मोठा खर्च होतो आणि पहाटेपासूनची धावपळ वेगळी. तिथे तारीख चुकवणं परवडत नाही.

चूक पहिली : हवामान बघायचं, शाळांचं वेळापत्रक नाही

थीम पार्कमधला दिवस उन्हाने जितका बिघडतो त्याहून जास्त रांगेने बिघडतो. उन्हावर टोपी आहे, लिंबू सरबत आहे, बंदिस्त वातानुकूलित राईड आहेत. तासाभराच्या रांगेवर उपाय नाही. आणि रांग थंडी-उन्हावर नव्हे, कुणाच्या शाळेला कधी सुट्टी आहे यावर ठरते.

डिसेंबर-जानेवारी म्हणजे स्नेहसंमेलन आणि सहलीचे महिने. सहली शनिवार-रविवारी कमी, आठवड्याच्या मधल्या दिवशी जास्त जातात. म्हणजे इतरांसाठी जे रिकामे वार, तेच या दोन महिन्यांत भरलेले. त्यात नाताळ ते नववर्ष हा आठवडा तर शक्य असेल तर पूर्ण सोडावा. तेव्हा सीबीएसई-आयसीएसईच्या बऱ्याच शाळा बंद असतात आणि मुंबईपुण्याच्या ऑफिसांतली उरलेली रजाही त्याच आठवड्यात संपवली जाते.

दिवाळीचंही नीट बघायला हवं. आपल्या शाळा उघडल्या की पार्क रिकामं, असा हिशेब करणाऱ्यांना गुजरात आठवत नाही. तिथल्या शाळांची दिवाळीची सुट्टी सुमारे तीन आठवड्यांची असते आणि गाड्या भरून लोक महाराष्ट्रात उतरतात. शिवाय दिवाळी काही एका तारखेला बांधलेली नाही. २०२३ मध्ये लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होतं, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. त्यामुळे "आम्ही गेलो होतो तेव्हा नोव्हेंबरचा दुसरा आठवडा अगदी शांत होता" हा शेजाऱ्यांचा अनुभव पुढच्या वर्षी तुमच्या कामाचा असेलच असं नाही.

चूक दुसरी : पंचांग न उघडता मंगळवार निवडायचा

ही चूक हुशार माणसं करतात. शनिवार-रविवार टाळला, सोमवारीही नको, मंगळवार घेतला. आणि तो नेमका अंगारकीचा निघाला.

इमॅजिका खोपोली-पाली रस्त्यावर आहे. याच रस्त्याने पुढे गेलं की पालीचा बल्लाळेश्वर, आणि खोपोलीच्या अलीकडे महडचा वरदविनायक. अष्टविनायकांतले दोन गणपती तुमच्या वाटेवर आहेत. साध्या संकष्टीला या पट्ट्यात गाड्या वाढतात. अंगारकी आणि माघी गणेश जयंतीला तर विचारायलाच नको. पार्कच्या आत गर्दी नसेलही, पण तिथे पोचेपर्यंत अकरा वाजतात.

गणेशोत्सवाच्या आधीचे चार-पाच दिवस याहून अवघड. मुंबई-गोवा महामार्ग पनवेल-पेणच्या बाजूला तुंबला की कोकणात निघालेले चाकरमानी एक्स्प्रेसवेने खोपोलीला येतात आणि पाली-वाकणमार्गे खाली उतरतात. वाहतूक पोलीसही हा मार्ग सुचवतात. म्हणजे तुमचा पार्कचा रस्ता तोच त्यांचा गावचा रस्ता. उलट बाप्पा घरोघर बसले की दीड दिवसाच्या विसर्जनानंतरचे मधले वार या रस्त्यावर बरेच निवांत असतात, आणि तेव्हा ठाण्यातही अर्ध्या सोसायटीच्या खिडक्या बंद असतात. गौरी-गणपती ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी हे दिवस जरूर बघावेत. पितृपक्षातले वारही तसेच.

जोडून सुट्टी कुठे येते हे तर बहुतेक सगळे बघतातच. १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबर शुक्रवारी किंवा सोमवारी आला की ते तीन दिवस विसरा.

चूक तिसरी : मे महिन्याशिवाय जमणार नाही असं धरून चालायचं

राज्य मंडळाच्या मुलांची परीक्षा एप्रिलच्या अखेरीपर्यंत चालते, मग गावी जायचं, लग्नं असतात, आणि उरलेल्या दिवसांत पार्क. सगळ्यांचं असंच ठरतं, म्हणून मे महिना भरलेला. त्यावर उकाडा. खोपोली-कर्जत पट्टा समुद्रापासून आत आहे. मुंबईला दुपारी जो खारा वारा मिळतो तो इथे फारसा पोचत नाही आणि पारा ठाण्यापेक्षा वर जातो. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानात उष्माघाताने माणसं गेली, हे नवी मुंबईकरांना वेगळं सांगायला नको. आजी-आजोबांना किंवा तान्ह्या मुलाला घेऊन मेमध्ये दिवसभर उघड्यावर फिरायचा बेत करूच नये.

मेमध्येच जावं लागलं तर वॉटर पार्कचं तिकीट घ्या, थीम पार्कचं नको. वॉटर पार्कला सुती कपडे चालत नाहीत. नायलॉन किंवा लायक्राचे घरून न्या, तिथे भाड्याने घ्यायचे तर पुन्हा एक रांग आली.

हीच गोष्ट उलट्या बाजूनेही खरी आहे. जानेवारीत वॉटर पार्कचं तिकीट स्वस्त दिसलं म्हणून घेतलं जातं आणि मुलं दहा मिनिटांत कुडकुडत बाहेर येतात. थंडीत पाण्यात उतरायचं तर बारा ते तीन, त्यानंतर नाही.

चूक चौथी : पावसाळा एकतर पूर्ण बाद, नाहीतर पूर्ण मान्य

मुंबईत मोसमी पाऊस येण्याची सरासरी तारीख ११ जून आणि परतण्याची ८ ऑक्टोबर. सरासरी म्हणजे हमी नव्हे. २०२३ मध्ये पाऊस २५ जूनला आला, २०२५ मध्ये २६ मे रोजीच. त्यामुळे दोन महिने आधी जूनचं तिकीट काढणं हा जुगार आहे.

पावसात सगळं बंद पडत नाही. नायट्रोसारखे उघड्यावरचे उंच कोस्टर जोराच्या सरीत आणि विजा चमकताना थांबवतात, ते थांबवायलाच हवेत. डीप स्पेससारखी बंदिस्त राईड चालू राहते. म्हणून घरच्यांना काय हवंय ते आधी विचारा. मुलगा फक्त मोठ्या कोस्टरसाठी येणार असेल तर जुलै नको; हा आपल्याकडचा सगळ्यात पावसाचा महिना आणि सह्याद्रीच्या पायथ्याला तो जास्तच कोसळतो. लहान मुलं असतील, बंदिस्त राईड आणि शो पुरेसे असतील, तर पावसाळ्यातला मधला वार चांगला जातो.

विजांचं एक लक्षात ठेवा. ऐन जुलैत पाऊस संततधार असतो, गडगडाट कमी. विजा जास्त असतात त्या पाऊस यायच्या आधी आणि परतताना, आणि त्याही बहुतेक दुपारनंतर. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला गेलात तर उंच राईड जेवणाआधीच उरका.

पावसाळ्यातले शनिवार-रविवार मात्र रस्त्यामुळे नकोत. लोणावळ्याला भुशी डॅमकडे आणि खोपोलीच्या झेनिथ धबधब्याकडे निघालेल्या गाड्या एक्स्प्रेसवे अडवून धरतात. तुम्हाला घाट चढायचाच नसतो, तरी घाटाची रांग खालापूर टोल नाक्यापर्यंत आली की तुम्हीही तिच्यातच.

चूक पाचवी : अगदीच रिकामा दिवस शोधायचा

रिकाम्या हंगामातच पार्कवाले देखभालीची कामं काढतात. ज्या राईडसाठी गेलात तीच बंद, असं होऊ शकतं. गर्दी कमी असली की कोस्टरच्या गाड्याही कमी सोडतात, त्यामुळे माणसं थोडी असूनही रांग धिमी सरकते. आदल्या दिवशी फोन करून कोणती राईड बंद आहे ते विचारा. विचारलं तर सांगतात.

मुलाची उंचीही भिंतीला लावून मोजून घ्या, बूट काढून. मोठ्या कोस्टरना साधारण १२० ते १४० सेंटीमीटरची अट असते. दोन-तीन सेंटीमीटर कमी भरत असेल तर बेत सहा महिने पुढे ढकलणं हा सगळ्यात स्वस्त उपाय. गेटवर रडणाऱ्या मुलाची समजूत घालणं फार महाग पडतं.

मग कधी?

माझी पहिली पसंती फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून मार्चच्या मध्यापर्यंतच्या मधल्या वारांना. सहली संपलेल्या असतात, दहावी-बारावीच्या परीक्षांमुळे घरं दाराआड असतात, ऊन अजून सोसवतं. होळी-धुळवडीचे दोन दिवस वगळा. ज्यांची मुलं सीबीएसईत आहेत, आणि नवी मुंबईत अशी घरं पुष्कळ आहेत, त्यांच्यासाठी मार्चचा शेवटचा आठवडा सोन्यासारखा : त्यांची परीक्षा झालेली, नवं वर्ष एप्रिलमध्ये, आणि राज्य मंडळाची मुलं अजून अभ्यासात. उकडेल, पण रांग नसेल.

दुसरी पसंती दिवाळीची सुट्टी, आपली आणि गुजरातचीही, संपल्यानंतर सहली सुरू होण्याआधीच्या आठवड्या-दोन आठवड्यांना. तिसरी, शाळा सुरू झाल्यावरचा जूनचा शेवट, पाऊस बेताचा असेल तर. तेव्हा पालक वह्या-पुस्तकं आणि रेनकोटच्या खर्चात असतात, पार्क आठवत नाही कुणाला.

गर्दीच्या दिवशीच जावं लागलं तर

पाहुणे आलेत, रजा तेवढीच आहे, असं होतं. मग गेट उघडण्याच्या अर्धा तास आधी तिथे असा. ठाण्याहून निघणाऱ्यांनी कळंबोली सातच्या आत ओलांडलेलं बरं. आत शिरल्यावर प्रवेशाजवळच्या पहिल्या राईडला सगळे थांबतात. तुम्ही थेट मागच्या टोकाला जा आणि तिथून पुढे येत राहा. जेवण साडेअकराला किंवा तीनला. एक ते तीन सगळे जेवायला रांगेत असतात, तेव्हा तुम्ही मोठ्या राईडच्या रांगेत. ऊन फार चढलं तर तो वेळ बंदिस्त शोला द्या. तिकीट काढताना तारीख बदलून मिळते का, किती दिवस आधी आणि किती पैसे कापून, ही अट पैसे भरण्याआधी वाचा. पाऊस आला म्हणून पैसे परत मिळतील असं गृहीत धरू नका.

खोपोली लोकलचा विचार करत असाल तर ठाण्याहून थेट गाड्या मोजक्याच आहेत, नाहीतर कर्जतला बदलावं लागतं, आणि स्टेशनवरून पुढे रिक्षा वेगळी. परतीची गाडी आधी बघा. संध्याकाळी पार्क सुटल्यावर सगळे एकदमच रिक्षा शोधतात.