खाडीलगत भराव पडायला लागला तर काय करायचं

पाणथळ जागा मारायची असेल तर आधी तिची पाण्याची वाट बंद करतात, भराव नंतर येतो. उरण साइडला मी हे डोळ्यांनी बघितलंय, रस्त्याखालून भरतीचं पाणी आत नेणारा पाइप कुणीतरी मातीच्या गोण्या टाकून बुजवला, काही महिन्यांत तिवरांची, म्हणजे खारफुटीची, पानं पिवळी पडून गळाली, चिखलाला हात जाईल एवढ्या भेगा पडल्या आणि मग तीच जागा "पडीक" म्हणून दाखवायला सुरुवात झाली. म्हणून डंपर दिसायची वाट बघू नका, उधाणाला पाणी आलं नाही की लगेच कामाला लागा.

पहिलं म्हणजे जागा कुठल्या नियमात बसते ते बघा कारण इथेच बहुतेक तक्रारी अडकतात. भरतीचं पाणी येतं, तिवरं आहेत, तर सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम, लागतं. आतलं तळं किंवा दलदल असेल तर २०१७ चे पाणथळ नियम. या नियमांत भातखाचरं, मिठागरं, सिंचनासाठी किंवा पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले तलाव येत नाहीत, त्यामुळे समोरचा हमखास म्हणतो की "हे तर मिठागर होतं", त्याची तयारी आधीच ठेवा.

आता बांधकाम किती लांब ठेवायचं त्या पन्नास मीटरचं. तिवरांसाठी सीआरझेड २०१९ मध्ये १,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या पट्ट्यालाच ५० मीटरचा बफर, म्हणजे मोकळा ठेवायचा पट्टा, आहे आणि बिल्डर तेवढंच सांगतो. पण मुंबई हायकोर्टाने २००५ मध्येच सांगितलंय की जागा कुणाचीही असो, कितीही असो, तिवरांच्या चारही बाजूंना ५० मीटरमध्ये बांधकाम नको. तक्रारीत हे आवर्जून लिहा. तळ्याच्या बाबतीत ५० मीटर आज पाणी जिथे दिसतं तिथून मोजायचे नाहीत, नियम लागू झाले त्याच्या आधीच्या दहा वर्षांतली सरासरी पूरपातळी धरायची, म्हणजे साधारण २००७ ते २०१७. आज कोरडं पाडलं तरी रेषा सरकत नाही, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

त्यामुळे पुरावा जुन्या पाण्याचा पाहिजे. गूगल अर्थ प्रो कॉम्प्युटरवर फुकट मिळतं, त्यात जुन्या तारखांचे सॅटेलाइट फोटो बघता येतात, पावसाळ्यानंतरचे आणि उन्हाळ्यातले दोन्ही तारखेसकट सेव्ह करा. मग अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला जागेवर जा, लोकेशन आणि वेळ उमटणाऱ्या अ‍ॅपने फोटो काढा, बुजवलेला पाइप किंवा मोरी अगदी जवळून घ्या, मग ओहोटीला त्याच जागी उभं राहून परत घ्या. कोळीवाड्यातल्या जुन्या माणसांना विचारा, पाणी कुठपर्यंत चढायचं ते त्यांना तिथीसकट पाठ असतं. सातबाऱ्यावरून सर्व्हे नंबर काढा, त्याच्याशिवाय तक्रार या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहते.

तक्रार एकाच ठिकाणी देऊन गप्प बसू नका. तहसीलदार, जिल्हाधिकारी, तिवरं असतील तर वनखात्याचा कांदळवन कक्ष, आणि कोकणात असाल तर कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली हायकोर्टाच्या आदेशाने झालेली समिती. मागणी "पर्यावरण वाचवा" अशी मोघम नको. पाइप मोकळा करा, भराव काढा, पंचनामा करून प्रत द्या, असं एकेक लिहा आणि इनवर्डचा शिक्का घेतल्याशिवाय परत येऊ नका. "ही जागा अधिसूचित नाही" असं उत्तर आलं तर सांगा की सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये इस्रोच्या पाणथळ जागांच्या अ‍ॅटलासमधल्या (नकाशांच्या संग्रहातल्या) सव्वादोन हेक्टरपेक्षा मोठ्या २,०१,५०३ पाणथळ जागांना संरक्षण द्यायला सांगितलंय, तुमची त्यात आहे का ते तपासून ठेवा.

सोबत आरटीआय टाका, भरावाला परवानगी कुणी दिली त्याची प्रत मागा. आणि तारखेकडे लक्ष ठेवा, पुण्याच्या हरित लवादात, म्हणजे पर्यावरणाच्या खटल्यांच्या न्यायाधिकरणात, जायचं असेल तर वादाचं कारण पहिल्यांदा घडलं तिथून सहा महिने मिळतात, उशिराचं सबळ कारण असेल तर आणखी ६० दिवस. गोण्या पहिल्यांदा दिसल्या तो दिवस त्याच रात्री लिहून ठेवा.