पोर्टेबल हिमोग्लोबिन मीटर: फील्डवर या चुका टाळा

रीडिंग विचित्र आलं की पहिला आळ मशीनवर येतो. बहुतेकदा दोष असतो बोट पिळण्याचा. थेंब येईना की बोटाचं टोक दाबलं जातं, रक्तासोबत ऊतींमधला द्रव येतो, थेंब पातळ होतो आणि हिमोग्लोबिन कमी दिसतं. मग ठरलेलं नाटक: एकाच टीमच्या यादीत अ‍ॅनिमिया भसाभस निघतो, मशीन बदलून मागवतात, तरी आकडे खालीच. दोन कार्यकर्त्यांनी मशीनची अदलाबदल केली की उलगडा होतो. कमी आकडे मशीन सोडून माणसामागे जातात. म्हणून नोंदीत मशीन नंबरशेजारी टोचणाऱ्याचा कोड हवाच. गर्भवती नसलेल्या स्त्रियांसाठी अ‍ॅनिमियाची सीमा डेसिलिटरमागे 12 ग्रॅम, 12.3 चं 11.8 झालं की निरोगी बाई अ‍ॅनिमियाच्या रकान्यात जाते.

हात आधी कोमट करा, मधलं बोट किंवा अनामिका घ्या, स्पिरिट पूर्ण वाळू द्या, बोटाच्या टोकाला मधोमध नाही, कडेला टोचा. साखर तपासायची बारीक लॅन्सेट (टोचायची सुई) इथे पुरत नाही. पिळायची वेळ तिच्यामुळेच येते. पहिले दोन-तीन थेंब कोरड्या गॉजने पुसा. पुढच्या मोठ्या थेंबातून क्युव्हेट (रक्त भरून मशीनमध्ये घालायची छोटी पारदर्शक पट्टी) एका दमात भरा. 10 मायक्रोलिटर तर लागतं! अर्धी भरलेली क्युव्हेट पुन्हा थेंबाला लावू नका, फेका. मध्ये बुडबुडा दिसला तरी फेका. बाहेरून पुसताना गॉज उघड्या कडेला लागला तर आतलं रक्त ओढून घेतो.

वेळ वाचवायला दहा क्युव्हेट आधीच ट्रेमध्ये काढून ठेवणारे हुशार लोक भेटतात. आत रिएजंट (तपासणीचं रसायन) असलेल्या क्युव्हेटला दमट हवा चालत नाही. एक काढा, झाकण लगेच लावा, डबी उघडल्याची तारीख मार्करने लिहा.

सुरू होताना मशीन स्वतःला तपासतं, पण फक्त प्रकाशयंत्रणा. क्युव्हेट तपासायला रोज सकाळी कंट्रोल द्रव (ज्याचं हिमोग्लोबिन आधीच माहीत आहे असा) लागतोच.

बोटातलं आणि शिरेतलं रक्त एकाच तक्त्यात मिसळू नका. जागतिक आरोग्य संघटनेची 2024 ची मार्गदर्शक तत्त्वं शिरेतल्या रक्तालाच पसंती देतात.

ग्लुकोमीटरही सोबत असेल तर लक्षात ठेवा, हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) कमी असलेल्यांची साखर बऱ्याच स्ट्रिप्सवर जास्त दिसते.

आणि मनासारखा आकडा येईपर्यंत टोचत बसू नका. कुठल्या रीडिंगला पुन्हा तपासायचं ते सर्वेक्षणाआधी ठरवा, दुसरी टेस्ट दुसऱ्या बोटावर करा आणि दोन्ही आकडे फॉर्मवर ठेवा.