पवनचक्कीखाली सापडलेले पक्षी आणि खरोखर मेलेले पक्षी: हिशोब कसा मांडायचा

एका हंगामात १० पवनचक्क्यांखाली ६ छोटे पक्षी सापडले, तर ६ हा मेलेल्या पक्ष्यांचा आकडा नव्हे. काही पक्षी तुम्ही पोचण्याआधी कोल्ह्याने उचलले, काही गवतात पडून तुमच्या नजरेतून सुटले आणि काही तर जिथे शोधता येतच नाही तिथे पडले. या तीन गळत्या मोजल्या की सापडलेल्या आकड्यावरून मेलेल्यांचा अंदाज काढता येतो. मोजल्या नाहीत तर अहवालात छापलेला आकडा पक्ष्यांबद्दल थोडं आणि शोधणाऱ्याच्या चिकाटीबद्दल जास्त सांगतो.

इथली उदाहरणं साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारासारख्या जागेची धरली आहेत: जांभ्याचा सडा, पावसाळ्यानंतर वाढलेलं गवत आणि पठाराच्या कडेला तुटलेला कडा. आकडे समजावण्यापुरते आहेत. तुमचे आकडे तुमच्याच जागेवर मोजावे लागतील.

शोधाची आखणी

पवनचक्कीभोवती शोधायच्या वर्तुळाची त्रिज्या निदान मनोऱ्याच्या उंचीइतकी ठेवा, जमलं तर पात्याचं टोक जिथवर जातं त्या उंचीइतकी. पात्याचा फटका बसलेला मोठा पक्षी चांगलाच लांब फेकला जातो. चिमणीएवढा पक्षी आणि वटवाघूळ तुलनेने जवळ पडतात.

वर्तुळात ५ मीटर अंतराने समांतर पट्टे आखा, कोपऱ्यांवर खुंट्या ठोका किंवा जीपीएसमध्ये रेषा भरून ठेवा. चालणाऱ्याने दोन्ही बाजूंना अडीच-अडीच मीटर पाहायचं, वेग मिनिटाला ५० मीटरच्या आसपास. ८० मीटर त्रिज्येच्या पूर्ण वर्तुळात ही चाल ४ किलोमीटर होते, म्हणजे न थांबता ८० मिनिटं. एका माणसाकडून दिवसाला तीन-चार पवनचक्क्यांपेक्षा जास्त काम मागू नका. पाचव्या पवनचक्कीखाली डोळे जमिनीवर असतात, लक्ष मात्र डब्याकडे असतं.

सगळ्या पवनचक्क्या शोधणं परवडत नसेल तर चिठ्ठ्या टाकून निवडा. ‘रस्त्याला लागून आहेत म्हणून या दहा’ अशी निवड केली की कड्यावरच्या पवनचक्क्या हमखास सुटतात. उतारावरून वर चढणाऱ्या वाऱ्यावर घारी आणि गरुड कड्यालगतच तरंगत असतात, त्यामुळे नेमक्या त्याच जागा सुटणं महागात पडतं.

मोजणी सुरू करण्याआधी एक साफसफाईची फेरी मारा. जुनी हाडं, पिसं, वाळलेले पक्षी नोंदवून उचला (वनखात्याची परवानगी नसेल तर जागा नोंदवून तिथेच राहू द्या) आणि हिशोबाबाहेर ठेवा. ही फेरी चुकवली तर मागच्या कित्येक महिन्यांचे मृत्यू पहिल्या आठवड्याच्या नावावर जमा होतात.

टिकाव: पक्षी किती दिवस जागेवर राहतो

कोल्हे, मुंगूस, घोरपडी, कावळे, घारी, भटकी कुत्री आणि मुंगळे हे सगळे तुमच्या आधी पोचतात. म्हणून मुद्दाम मेलेले पक्षी ठेवून ते किती दिवस टिकतात हे पाहायचं. लहान, मध्यम आणि मोठ्या आकाराचे वेगळे गट करा, वटवाघळांचा चौथा. दर गटात, दर हंगामात किमान १० ते १५ नग हवेत. जागा वर्तुळात चिठ्ठीने काढा. नग ठेवल्यावर १, २, ३, ४, ५, ७, १०, १४, २१ आणि ३० व्या दिवशी पाहा. कुठल्या दिवशी शेवटचा दिसला आणि कुठल्या दिवशी नव्हता, या दोन्ही तारखा लिहा. ‘साधारण पाचव्या दिवशी गेला’ ही नोंद निरुपयोगी आहे.

यात तीन चुका सर्रास होतात. सगळे नग एकाच दिवशी टाकले की पठारावरच्या कोल्ह्यांची पंगत बसते, पोटं भरतात आणि उरलेले नग खोटा टिकाव दाखवतात. त्यामुळे थोडे थोडे, महिनाभर पसरून ठेवा. दुसरी चूक, हातमोजे न घालणं. माणसाच्या वासाने प्राण्यांचं वागणं बदलू शकतं आणि रोगाची भीतीही असतेच. तिसरी सर्वांत मोठी: कोंबडीची पिल्लं ठेवून गरुडांचा टिकाव काढणं. शिकारी पक्ष्यांचे मृतदेह कोंबडीवर्गातल्या पक्ष्यांपेक्षा सहसा जास्त दिवस टिकतात. पिल्लांचा आकडा गरुडांना लावला की गरुडांचे मृत्यू फुगवून दिसतात.

खऱ्या वन्य पक्ष्यांचे मृतदेह वापरणं चांगलं, पण १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ते उचलायला आणि जवळ ठेवायला वनखात्याची लेखी परवानगी लागते. काम सुरू होण्याच्या बरंच आधी अर्ज करा. परवानगी येईपर्यंत सापडलेल्या पक्ष्याचे फोटो घ्या, मोजमाप करा आणि त्याला जागेवरच राहू द्या. मात्र तोच पक्षी पुढच्या फेरीत पुन्हा मोजला जाऊ नये म्हणून त्याच्या जागेची नोंद काटेकोर हवी.

हंगाम बदलला की टिकाव बदलतो. धुवाधार पावसात आणि धुक्यात चाचणीच काय, शोधफेरीही निभत नाही. त्या महिन्यांना उन्हाळ्यातला टिकाव चिकटवू नका. फेऱ्या न झालेला काळ अहवालात ‘मोजला नाही’ असाच लिहा.

फेऱ्यांमधला खंड

छोट्या पक्ष्यांचा सरासरी टिकाव ५ दिवस निघाला असं धरू. नाहीसं होण्याचा वेग कायम सारखा मानला, तर दोन फेऱ्यांच्या मधे कधीही पडलेला पक्षी पुढच्या फेरीपर्यंत जागेवर असण्याची शक्यता अशी काढतात: खंडाला सरासरी टिकावाने भागा, ‘ई’चा (२.७१८) तेवढा ऋण घात घ्या, तो १ मधून वजा करा, टिकावाने गुणा आणि खंडाने भागा. ७ दिवसांच्या खंडाला उत्तर ०.५४ येतं, ३ दिवसांना ०.७५, १४ दिवसांना ०.३४. पंधरवड्याने एक फेरी म्हणजे तीनातले दोन छोटे पक्षी तुम्ही पोचण्याआधीच गेलेले. खंड सरासरी टिकावाच्या फार पुढे नेऊ नका. आठवड्यातून एकापेक्षा जास्त फेऱ्या जमत नसतील तर निदान थोड्या पवनचक्क्यांखाली तीन दिवसांची फेरी ठेवा.

शोधक्षमता

जागेवर असलेल्या पक्ष्यांपैकी किती नजरेस पडतात, हेही तपासायचं. शोधणाऱ्याला न सांगता, फेरीच्या दिवशी पहाटे दुसऱ्या माणसाने नग ठेवायचे. नगाला पंखाच्या आतल्या बाजूला बारीक दोरा बांधा. वरून दिसेल अशी खूण केली की चाचणी फुकट गेली. फेरी संपताच न सापडलेले नग जागेवर आहेत का ते पाहा. कावळ्याने मधेच उचललेला नग शोधणाऱ्याच्या माथी मारता येत नाही.

२० पैकी १२ सापडले तर शोधक्षमता ०.६. पण ही उघड्या कातळावर एक, गुडघाभर गवतात वेगळी. ऑक्टोबरचं उभं गवत, फेब्रुवारीतलं आडवं पडलेलं गवत आणि वणव्यानंतरची काळी जमीन यांचा एकच आकडा काढू नका. शोधणारे तीन असतील तर तिघांचीही चाचणी घ्या, नाहीतर सगळ्यांत तरबेज माणसाचा आकडा बाकीच्यांना लागतो.

न सापडलेला नग उचलू नका, पुढच्या फेरीतही तिथेच राहू द्या. एकदा नजरेतून सुटलेला पक्षी दुसऱ्यांदा सापडण्याची शक्यता आणखी कमी असते, कारण मुळात तो अडचणीच्या जागी पडलेला असतो आणि दिवसागणिक कुजत जातो. ही घट मोजली नाही तर काय होतं, हे जुन्या सूत्रांमध्ये दिसतं. सुटलेला पक्षी दर फेरीत तितक्याच सहज सापडतो असं धरणारी सूत्रं मृत्यू कमी दाखवतात. एकदा सुटला की कायमचा सुटला असं धरणारी सूत्रं, फेऱ्या दाट असतील तर, जास्त दाखवतात.

जिथे पाऊल ठेवता येत नाही ती जागा

वर्तुळाचा काही भाग कड्याखाली असतो, काही करवंदीच्या जाळीत. इथे बहुतेक अहवाल एकच चूक करतात: वर्तुळाच्या जितक्या टक्के जमिनीवर शोध झाला, तितकेच टक्के पक्षी शोधाच्या टप्प्यात होते असं मानतात. पक्षी सगळीकडे सारखे पडत नाहीत, मनोऱ्याजवळ दाट पडतात.

८० मीटरच्या वर्तुळाची २०-२० मीटरची चार कडी करा. समजा आतल्या कड्यापासून शोधलेला भाग क्रमाने १००, ८०, ५० आणि २५ टक्के आहे, आणि पक्षी पडण्याचा वाटा ३५, ३५, २० आणि १० टक्के. जमिनीच्या हिशोबाने शोध ४८ टक्के झाला. पक्ष्यांच्या हिशोबाने ७५.५ टक्के. हा पडण्याचा वाटा सापडलेल्या पक्ष्यांवरून काढताना प्रत्येक कडं किती शोधलं होतं याची दुरुस्ती आधी करा, नाहीतर बाहेरची कडी रिकामी भासतात.

गुणाकार

टिकाव (७ दिवसांच्या खंडात जागेवर असण्याची शक्यता) ०.५४, शोधक्षमता ०.६, जागेचा वाटा (शोधलेल्या भागात पडलेले पक्षी) ०.७५५. गुणाकार ०.२४ च्या आसपास. सापडलेले ६ भागिले ०.२४ म्हणजे १० पवनचक्क्यांखाली साधारण २५ पक्षी. एकूण पवनचक्क्या २५ असतील आणि निवड चिठ्ठीने झाली असेल, तर सुमारे ६२. जागेचा वाटा चुकून ४८ टक्के धरला असता तर २५ च्या जागी ३९ आले असते.

हे कागदावरचं गणित पडताळ्यासाठी. खरा अंदाज अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण संस्थेच्या ‘जेनएस्ट’ या आज्ञावलीत काढा. ती फुकट आहे, ‘आर’ या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेत चालते आणि २०१८ पासून उपलब्ध आहे. तिला पाच तक्ते लागतात: शोधक्षमता, टिकाव, फेऱ्यांच्या तारखा, जागेचा वाटा आणि सापडलेले पक्षी. टिकावाची चार गणिती रूपं ती पडताळते, सुटलेल्या पक्ष्यांची घट धरते आणि अंदाजासोबत खालची-वरची मर्यादा देते. अहवालात नुसता २५ लिहू नका, मर्यादाही लिहा. पाच-सहा पक्ष्यांवरून काढलेल्या अंदाजाची मर्यादा ऐसपैस असते आणि ती झाकणं बरं नव्हे.

एकही सापडला नाही तर? वरच्याच आकड्यांवर, खरोखर १० पक्षी मेले असले तरी एकही न सापडण्याची शक्यता ६ टक्के आहे. शून्य सापडले म्हणून शून्य मेले असं लिहिता येत नाही. दुर्मीळ गरुडांसाठी ‘किती मृत्यूंपर्यंतची शक्यता नाकारता येत नाही’ हे सांगणारी वेगळी पद्धत वापरतात. तिथेही शोध जितका कच्चा, तितका हा आकडा मोठा निघतो.

नोंदवहीत काय हवं

पवनचक्कीचा क्रमांक, तारीख, वेळ, जीपीएस, मनोऱ्यापासून अंतर आणि दिशा, जात, अवस्था (अखंड, खाल्लेला, पिसांचा पुंजका), गवताची उंची, फोटो. दहा किंवा जास्त पिसं, अथवा पंखाची दोन मोठी पिसं एकत्र दिसली तर एक पक्षी धरण्याचा प्रघात आहे. पण शिकऱ्याने चंडोल फाडला तरी पुंजका तसाच दिसतो. म्हणून पवनचक्क्यांपासून दूर तेवढ्याच आकाराची काही वर्तुळंही शोधा, म्हणजे असे पुंजके एरवी किती पडतात ते कळेल. विजेच्या तारांखाली सापडलेले पक्षी वेगळ्या रकान्यात.

रखवालदाराने किंवा गुराख्याने आणून दिलेला पक्षी जातींच्या यादीत घ्या, सूत्रात नको. आणि देखभाल करणाऱ्या कामगारांना आधीच सांगून ठेवा की मेलेला पक्षी दिसला तर कडेला फेकायचा नाही. स्वच्छता म्हणून ते हे करतात, आणि तुमचा टिकाव दोन दिवसांवर का आला हे महिनाभर उमगत नाही.

शेवटचा इशारा चाळकेवाडीचाच. तिथल्या २०१८ च्या अभ्यासात पवनचक्क्यांच्या भागात शिकारी पक्ष्यांचं प्रमाण जवळजवळ चौपट कमी आढळलं, आणि सरड्यांची संख्या जास्त. जिथून पक्षी आधीच निघून गेले आहेत तिथे मृतदेह कमीच सापडणार. म्हणून मृत्यूंच्या आकड्याशेजारी त्या भागात उडणाऱ्या पक्ष्यांची मोजणीही ठेवा, शक्य असेल तर पवनचक्क्या उभ्या राहण्याआधीपासूनची.