सांगलीतून किनारा अभियांत्रिकीकडे : नव्यांसाठी चार अनुभव

सांगलीत सिव्हिल करून मी किनारा अभियांत्रिकी निवडली, तेव्हा वडील म्हणाले, "अरे, इथं समुद्र कुठाय?" समुद्र नाही, पण नदी आहे, आणि कितीतरी किनाऱ्यांना वाळू नदीच पुरवते. हरिपूरला वारणा पोटात घेऊन कृष्णा पुढं जाते ती पार आंध्रात, हंसलदीवीला समुद्राला मिळते. वाटेत आलमट्टी, श्रीशैलम, नागार्जुनसागर. गाळ धरणांत बसतो आणि तिकडं मुखाजवळचा किनारा झिजतो. वाळू येते कुठून, जाते कुठं, हा हिशोब जमला की निम्मा विषय जमला.

पुदुच्चेरीचा अभ्यास जरूर करा. तिथं लाटांबरोबर वाळू वर्षभरात एकंदरीत उत्तरेकडं सरकते. १९८९च्या सुमारास बंदराचे लाटारोधक बंधारे झाले, वाळू दक्षिणेला अडकली आणि उत्तरेची पुळण, म्हणजे वाळूचा किनारा, गेली. दगडांच्या भिंतीनं रस्ता वाचला, पुळण नाही. पुढं २०१८ मध्ये पाण्याखाली पोलादी रीफ, म्हणजे लाटांचा जोर मोडणारा अडथळा, बसवून वाळू टाकली, तेव्हा पुळण पुन्हा दिसू लागली. आपल्याकडं धूप म्हटलं की आधी बंधाराच मागितला जातो, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

खाडीच्या मुखासाठी ओडिशातलं समुद्राला जोडलेलं चिलिका सरोवर बघा. मुख वाळूनं बुजत गेलं, सरोवराचा खारेपणा घटला, मासळी कमी झाली. सप्टेंबर २००० मध्ये नवं मुख उघडलं आणि मासळी परतली. मुखातून भरती-ओहोटीचं पाणी जितकं खेळेल, तितकं ते उघडं राहतं.

माझी चूक सांगतो. रत्नागिरीकडच्या एका पुळणीची फेब्रुवारीत लेव्हल घेतली, म्हणजे उंचसखलपणा मापला, आणि त्यावरच अहवाल लिहिला. साहेबांनी एकच विचारलं, "जुलैत गेला होतास?" गेलो, तर पुळण छातीभर खचलेली. ती वाळू लाटांनी समुद्रात आत नेऊन पाण्याखाली तिचा दांडा केला होता. दिवाळीनंतर बरीचशी परत आली. तेव्हापासून वर्षभराची मापं हातात आल्याशिवाय मी मत देत नाही. आणखी एक : गुडघाभर पाण्यात स्टाफ (उंची वाचायची आकड्यांची पट्टी) उभा केला की लाट परतताना त्याच्या बुडाची वाळू निसटते आणि स्टाफ खाली जातो. बुडाला लोखंडी पत्रा ठेवा, नाहीतर सगळी रीडिंगं वाया.

पुढच्या शिक्षणाला गेट ही प्रवेश परीक्षा द्या. मद्रास आयआयटीत महासागर अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे, कर्नाटकात सुरतकलच्या एनआयटीतही सोय आहे. पुण्याजवळ खडकवासल्याला १९१६ पासूनचं केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. तिथं बंदरांच्या प्रतिकृतींवर लाटा सोडून बघतात. इंटर्नशिपसाठी प्रयत्न करा.

आणि कोकणातल्या कोळ्यांचं गणित पाठ करा : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती, म्हणजे पुळण मापायला बाराला ओहोटी गाठायची.