एक्स-मेन घरच्यांना पहिल्यांदाच दाखवताय? या चुका टाळा

१९३२ साली ‘प्रभात’ने कोल्हापुरात ‘अयोध्येचा राजा’ काढला, तेव्हा हरिश्चंद्र कोण हे प्रेक्षकाला सांगावं लागलं नाही. ती गोष्ट ऐकतच माणसं मोठी झाली होती. अमेरिकन कॉमिकमधून सिनेमात आलेल्या एक्स-मेनचं तसं नाही. म्हणून शिवाजी पेठेतल्या एखाद्या घरात आत्या, मामा, भावंडं जमवून २००० सालचा पहिला सिनेमा लावायचा म्हटलं, की कॉमिक वाचणारा पोरगा आधी सगळ्या पात्रांची ओळख करून द्यायला लागतो. सिनेमा सुरू होईपर्यंत आत्या स्वयंपाकघरात गेलेली असते.

सगळं आधीच सांगणं

याची गरजच नाही. नवख्या प्रेक्षकासाठी सिनेमातच सोय आहे. लोगन आणि ‘रोग’ नावाची मुलगी, या दोघांनाही प्रोफेसर झेवियरची वेगळ्या शक्तीच्या मुलांसाठीची शाळा ठाऊक नसते. त्यांना जे कळत जातं, तेच आपल्यालाही कळतं. आधी एवढंच सांगा: काही माणसं, म्हणजे म्युटंट, जन्मतःच वेगळी शक्ती घेऊन येतात आणि बाकीचे त्यांना घाबरतात.

शक्तींची यादी वाचणं

‘हा लोखंड वाकवतो, ही वीज पाडते’ ऐकून कुणाला काही वाटत नाही. त्या शक्तीपायी त्या माणसाचं काय झालं, ते बोला. रोगने आयुष्यात पहिल्यांदा एका मुलाचं चुंबन घेतलं आणि तो बेशुद्ध पडला. आता तिला कुणाचा हात धरायची सोय नाही. स्कॉटच्या डोळ्यांतून घातक किरण सुटतात, म्हणून त्याला चष्म्याशिवाय डोळे उघडता येत नाहीत. लोगनचे पंजे बाहेर येताना दर वेळी त्याला दुखतं. एवढं कळलं की आत्या तिघांनाही जीव लावेल.

मॅग्नीटोला ‘व्हिलन’ म्हणून मोकळं होणं

माझ्या मते सगळ्यात मोठी चूक ही. सिनेमा सुरू होतो १९४४ च्या पोलंडमध्ये, नाझींच्या छळछावणीच्या दारात. पाऊस पडतोय, शिपाई एका ज्यू पोराला आईबापांपासून ओढून नेतायत, आणि त्या पोराच्या आक्रोशाने लोखंडी फाटक वाकतं. हा मुलगा म्हणजेच एरिक, पुढचा मॅग्नीटो. हा प्रसंग चालू असताना चहा फिरवू नका, बोलूही नका. पुढे एक सिनेटर म्युटंट लोकांची नोंदणी करायचा कायदा मागतो. अशा नोंदीनंतर काय होतं, हे एरिकने लहानपणी पाहिलंय.

चार्ल्स झेवियर त्याचा जुना मित्र. शाहू स्टेडियमवर दोन तालमींचा फुटबॉल सामना लागला की एकाच बाकावर शिकलेली पोरं समोरासमोर येतात, तसं यांचं आहे असं सांगा, लगेच कळतं. फक्त इथे प्रश्न जगण्यामरण्याचा आहे. धोका दोघांनाही दिसतो. चार्ल्सचा माणसावर विश्वास टिकलाय, एरिकचा उडालाय. मामा एरिकची बाजू घ्यायला लागले तर घेऊ द्या.

मध्येच ‘कॉमिकमध्ये असं नाही’ म्हणणं

१९६३ च्या पहिल्या अंकात संघात सायक्लॉप्स (म्हणजे स्कॉट), जीन, बीस्ट, एंजल आणि आइसमॅन एवढेच होते. वुल्व्हरिन (म्हणजे लोगन) आणि वीज पाडणारी स्टॉर्म संघात आले १९७५ साली. कॉमिकमधला लोगन जेमतेम सव्वापाच फुटांचा, सिनेमातला ह्यू जॅकमन सहा फुटांच्या वर. हे सगळं खरं आहे आणि रंजकही आहे, पण सिनेमा संपल्यावर, तेही कुणी विचारलं तरच.

गोंधळ झालाच तर

‘हा चार्ल्स की प्रोफेसर?’ असं कुणी विचारलं, की प्रत्येकाचं एकच नाव धरा: चार्ल्स, एरिक, लोगन. रोगला मारी म्हणा, लोगनला ती स्वतः तेच नाव सांगते. एरिकची साथीदार मिस्टिक दुसऱ्याचं रूप घेते, तिथे हमखास गडबड होते. ‘डोळ्यांकडे बघा’ एवढंच सुचवा. पिवळे चमकले की ती मिस्टिक.

पुढचा भाग चुकीचा निवडणं

लगेच २०११ चा ‘फर्स्ट क्लास’ लावू नका. त्यात चार्ल्स आणि एरिक तरुण आहेत आणि नटही वेगळे. पॅट्रिक स्ट्युअर्ट आणि इयन मॅकेलन यांचे चेहरे नुकते ओळखीचे झालेले असताना मामांना वाटेल, ही माणसंच दुसरी. २०१४ चा तर काळात मागेपुढे उड्या मारतो. आधी २००३ चा दुसरा भाग दाखवा, गोष्ट तिथूनच पुढे जाते. तो सुरू होतो व्हाइट हाउसवरच्या हल्ल्याने, आणि हल्ला करणारा असतो निळ्या अंगाचा, शेपटीवाला नाइटक्रॉलर. त्याच्याबद्दल आधी अवाक्षरही काढू नका.