चिनी मुखपरीक्षा: आधी चेहरा मोजा, मग वाचा

चिनी मुखपरीक्षेत, म्हणजे चेहऱ्यावरून स्वभाव आणि नशीब वाचण्याच्या म्यॅनश्यांग या परंपरेत, नुसत्या नाकाला किंवा नुसत्या कपाळाला फारसा अर्थ नसतो. नाक मोठं की लहान, हे त्याच चेहऱ्याच्या कपाळाशी, गालफडांशी, हनुवटीशी ताडून ठरतं. दुसऱ्या माणसाच्या नाकाशी तुलना केली की पहिल्या पायरीलाच घोळ झाला. आपल्याकडे बहुतेकदा "कपाळ मोठं, नशीबवान" असं बोलून मोकळं होतात, माप कुणी घेतच नाही.

शिंप्याची टेप इथे कामाची नाही. ती कपाळाच्या आणि नाकाच्या उंचवट्यावरून वळते आणि माप जास्त दाखवते. सरळ अंतर हवं, त्यासाठी व्हर्निअर, म्हणजे सरकत्या जबड्यांची मोजपट्टी, बरा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात लेथवर काम करणाऱ्या कुणाकडेही तो सापडेल. मात्र त्याचे जबडे टोकदार असतात, डोळ्यांजवळ नेऊ नका. डोळ्यांची मापं फोटोवरूनच घ्या.

फोटो काढताना मोबाईल दोन मीटरवर ठेवा, झूम दुप्पट करा आणि कॅमेरा नाकाच्या उंचीला धरा. हातभर अंतरावरून काढला तर नाक फुगतं आणि कान मागे जातात; अशा फोटोवरून नाकाबद्दल काहीही सांगणं चुकीचं. मान सरळ आहे का हे बाजूने पाहा: कानाच्या भोकाची वरची कड आणि डोळ्याखालच्या हाडाची कड एका आडव्या रेषेत यायला हवी. हनुवटी जरा वर गेली तरी कपाळ आखूड दिसतं. दात टेकलेले, ओठ अलगद मिटलेले, हसू नाही. हसलं की नाकपुड्या पसरतात. चष्मा, टोपी, फेटा उतरवा. सेल्फी घेतला असेल तर तो आरशासारखा उलटा तर नाही ना, हे तपासा. पुरुषाच्या कपाळाची डावी बाजू वडिलांची आणि उजवी आईची धरतात, बायकांच्या बाबतीत बरेच जाणकार हे उलटं घेतात, त्यामुळे बाजू बदलली की अर्थही बदलतो.

आता तीन भाग पाडायचे. पहिला केसांच्या रेषेपासून भुवयांपर्यंत, दुसरा भुवयांपासून नाकाच्या तळापर्यंत, तिसरा तिथून हनुवटीच्या खालच्या हाडापर्यंत. चित्रकलेच्या वर्गात डोकं रेखाटायला शिकवतात तेव्हा याच रेषा आखतात, म्हणून कोल्हापुरातल्या कलाविद्यार्थ्यांना हे काम लवकर जमतं. टक्कल पडलेलं असेल तर भुवया वर उचलायला सांगा. आठ्या जिथे संपतात, साधारण तिथे मूळची केसांची रेषा होती. दाढी असेल तर हनुवटीचं हाड बोटाने चाचपा. कवळी वापरणाऱ्या आजोबांना ती लावूनच बसवा, नाहीतर खालचा भाग आक्रसतो आणि म्हातारपण उगाच कमकुवत वाचलं जातं.

समजा मापं आली 5.8, 6.2 आणि 6.6 सेंटीमीटर. वरचा आणि मधला, किंवा मधला आणि खालचा भाग इथे सारखेच धरायचे, कारण हाताने घेतलेल्या मापात तीन-चार मिलिमीटरची चूक सहज होते. पण पहिल्या आणि तिसऱ्यातला 8 मिलिमीटरचा फरक खरा आहे, तो वाचायचा. वरचा भाग आकाशाचा: घरचा वारसा, शिक्षण, बुद्धी. मधला माणसाचा: स्वतःची जिद्द आणि कमाई. खालचा जमिनीचा: उतारवय, घरदार, हाताखालची माणसं. म्हणजे परंपरेच्या भाषेत या मापांचा चेहरा उशिरा स्थिरावणाऱ्याचा.

रुंदी मोजायचं माप म्हणजे डोळा. आदर्श चेहऱ्याच्या रुंदीत एकाच चेहऱ्याचे पाच डोळे शेजारी शेजारी मावतात आणि दोन डोळ्यांत एका डोळ्याएवढं अंतर राहतं. अंतर कमी असेल तर एकाग्र पण चटकन बिथरणारा, जास्त असेल तर मोकळा पण सैल, असं वाचतात. भुवयांच्या मधली जागा हा जीवनमहाल. ती त्या माणसाच्या स्वतःच्या दोन बोटांएवढी असावी, तुमच्या बोटांनी मोजू नका. इथेच कुंकू किंवा टिकली लावतात. टिकलीच्या गोंदाने त्वचेवर पांढरा डाग पडलेला असेल तर तो खूण म्हणून वाचायचा नाही.

या शास्त्राचा गाभा आहे पाच पर्वतांत. कपाळ दक्षिणेचा हंग, हनुवटी उत्तरेचा हंग, नाक मध्यभागीचा सुंग, डावं गालफड पूर्वेचा थाय आणि उजवं पश्चिमेचा ह्वा. चीनमधल्या पाच पूज्य पर्वतांचीच ही नावं. नाक ही संपत्तीची जागा, पण नुसतं उंच नाक शुभ मानत नाहीत. गालफडं सपाट आणि हनुवटी मागे असली तर अशा नाकाला एकाकी शिखर म्हणतात: कर्तबगारी आहे, पण पाठीशी माणसं नाहीत. म्हणून समोरच्या फोटोबरोबर बाजूचाही काढा. कपाळ, नाक आणि हनुवटीला पट्टी लावून पाहा. कपाळ आणि हनुवटी किती मागे राहतात ते कळतं. समोरून पाहताना नाकपुड्यांची भोकं ठळक दिसली तर पैसा टिकत नाही असं सांगतात, पण मान मागे झुकलेली असेल तरी ती दिसतात. हा निष्कर्ष काढण्यापूर्वी मान पुन्हा तपासा.

कोल्हापुरात आणखी एक जपायला लागतं. कानांवरून आयुष्याची पहिली 14 वर्षं वाचतात. तालमीत घासून, मार बसून पैलवानांचे कान मोडतात, गाठाळतात. नाकाचं हाडही बऱ्याचदा वाकलेलं असतं. गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत घडलेल्या माणसाच्या अशा कानांवरून बालपण खडतर होतं म्हणणं साफ चूक. कुस्तीआधीचा फोटो मिळाला तर तो वाचा, नाहीतर कान सोडून द्या.

या परंपरेला चीनमध्येच जुना विरोध आहे. श्युनत्झ या तत्त्ववेत्त्याने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात रूप पाहण्यापेक्षा मन पाहा, असं बजावलं होतं. स्थळ बघताना किंवा नोकरीला माणूस घेताना ही मापं वापरू नयेत, हे आमचं स्पष्ट मत. हनुवटीच्या मापाने माणसाची लायकी ठरत नाही.

शेवटी वयाचा हिशेब, म्हणजे कोणतं वय चेहऱ्यावर कुठे वाचायचं. 15 ते 30 कपाळावर, 31 ते 34 भुवयांवर, 35 ते 40 डोळ्यांत, 41 ते 50 नाकावर आणि गालफडांवर, 51 नाकाखालच्या खळीत, 60 तोंडावर, 71 हनुवटीवर. पण ही वर्षं चिनी रीतीची आहेत: मूल जन्मताच एक वर्षाचं आणि पुढे दर चांद्र नववर्षाला एकेक वर्ष वाढतं. 15 ऑगस्ट 1990 चा जन्म असेल तर मे 2018 मध्ये आपल्या हिशेबाने 27 पूर्ण, त्यांच्या हिशेबाने मात्र 29. भुवयांच्या मधली जागा 28 ची, 29 ची कपाळाच्या कडेला. म्हणून जन्मतारीख विचारूनच जागा निवडा.