पाम्पा करताना माझा हात कुठे अडला

पाम्पा म्हणजे पेशींशिवाय, नुसत्या मेदाच्या पातळ थरातून औषध किती झिरपतं ते पाहण्याची चाचणी. १९९८ मध्ये ती प्रसिद्ध झाली.

९६ खान्यांची फिल्टर प्लेट घ्या. डोडेकेन या तेलकट द्रवात १ टक्का लेसिथिन (हाच तो मेद) विरघळवून प्रत्येक फिल्टरवर ५ मायक्रोलिटर सोडा. पिपेटची टिप फिल्टरच्या पडद्याला टेकवू नका! माझी पहिली अख्खी प्लेट याच पायी गळकी निघाली, आणि ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. लगेच वर औषधाचं द्रावण घाला (पीएच ७.४, औषध विरघळवायला वापरलेला डीएमएसओ हा द्रव ५ टक्क्यांच्या आत) आणि प्लेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) भरलेल्या खालच्या प्लेटवर अलगद ठेवा. एका कडेने टेकवत आणा, म्हणजे बुडबुडे अडकत नाहीत. बुडबुडा राहिला की तिथून औषध जातच नाही आणि आपण उगाच रेणूला दोष देतो.

झाकून १६ तास ठेवा. मग कुठे किती औषध आहे ते कळायला दोन्ही बाजूंचं यूव्ही (अतिनील) शोषण मोजा, पण यूव्ही आरपार जाऊ देणाऱ्या प्लेटमध्ये. साधं पॉलिस्टायरीन स्वतःच यूव्ही शोषतं.

सोबत तुलनेसाठी प्रोप्रानोलॉल आणि अटेनोलॉल ही दोन औषधं हवीतच: पहिलं भराभर जातं, दुसरं जवळपास नाही. अटेनोलॉल पलीकडे भरपूर दिसलं, तर पडदा फुटलाय असं समजा.

दोन्ही बाजूंची बेरीज सुरुवातीच्या मात्रेपेक्षा कमी भरली, तर उरलेलं बहुधा मेदात किंवा प्लास्टिकला चिकटलेलं असतं. विरघळलेलं औषध पुन्हा साक्याच्या रूपात खाली बसलंय का, तेही बघा.